पलीकडच्या खांबापाशी

बाई, परवा एक मुलगी माझ्याकडे आली होती. इथल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका म्हणून नुकतीच लागली आहे, आणि कुणीतरी तिला सांगितलं की या म्हातारीने जन्मभर पोरींना खो-खो शिकवला, तिला जाऊन विचार. आली ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोलतच सुटली. मला जमेल का, पोरी माझं ऐकत नाहीत, शिट्टी फुंकली तर अर्धीच वाजते. कप हातात तसाच, चहा गार. मग एकेका पोरीचं सुरू झालं, ही दमते कुठे नि ती बिचकते कशाला. मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, बाळ, हे मला सांगू नकोस आणि दुसऱ्या कुणालाही सांगू नकोस. ती ओशाळली, कप ठेवला आणि गेली. ती गेल्यावर मला तुमचा राग आला. इतका ताजा की माझं मलाच नवल वाटलं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही जिवंत होतात तेव्हा मी धड रागावलेच नाही, ते राहून गेलं आहे.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते कोंबडीमागे धावताना. मी पाथर्डीकडची, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, घरी खाणारी तोंडं फार म्हणून मला नगरच्या बोर्डिंगात आणून सोडलेली. येऊन आठवडाही झाला नव्हता. स्वयंपाकिणीच्या हातून कोंबडी सुटली आणि साऱ्या पोरी ओरडत तिच्या मागे लागल्या. मी ओरडले नाही. कोंबडी वळणार कुठे ते बघत उभी राहिले आणि तिथे आधी जाऊन तिला उचलली. तुम्ही व्हरांड्यातून म्हणालात, "कोंबडी ऱ्हाऊ दे, आधी ती पोरगी धर." त्या दिवसापासून मी तुमची. वडिलांनी मला आणून सोडलं आणि तुम्ही उचललं, असंच मी धरून चालले होते.

आम्हाला खो-खो शिकवताना मैदानावर तुम्ही कायम पलीकडच्या खांबापाशी उभ्या असायचात. पांढरं लुगडं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. ओरडणं तुम्हाला ठाऊकच नव्हतं. माझी आत शिरायची वेळ आली की मी तुमच्याकडे बघायचे. तुमची हनुवटी दोनदा खाली जायची आणि मी निघायचे. ती हनुवटी हलली नाही तर माझे पाय जमिनीतून निघायचे नाहीत. बाकीच्या पोरी मला चिडवायच्या, ही बाईंच्या मानेला दोरी बांधून पळते म्हणून. खरंच होतं ते. मला त्याची लाजही वाटत नव्हती.

पुढे मी मास्तरणीची परीक्षा दिली आणि लढाई चालू असतानाच सुप्याच्या पुढे, पारनेरच्या वाटेवरच्या मिशनच्या शाळेत मला नेमलं. सकाळी पहिलीला मुळाक्षरं आणि शेवटच्या तासाला मोठ्या मुलींना ड्रिल, म्हणजे खेळ. हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण मुलींनी धावणं त्यांना पटत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "वर्षभर बघू. जानेवारीत नगरला मिशनच्या शाळांचे सामने असतात. तिथे आपल्या मुलींचं काही दिसलं तर ठीक, नाहीतर हा तास शिवणकामाला जाईल. शिवण पुढे उपयोगाला तरी येतं." म्हणजे काय ते मला लख्ख कळलं. त्या शाळेत कितीतरी पोरी अशा होत्या की दिवसभरात तेवढाच एक तास त्यांच्या डोक्यावर घागर नसे नि काखेत भाऊ नसे. तो तास आता माझ्या हातात होता.

मला खेळता येत होतं, शिकवता येत नव्हतं. दोन्ही एकच असेल असं मी समजून चालले होते. पोरी मैदानातल्या पाट्यांवर ओळीने बसल्या की मला त्यांची फक्त डोकी दिसायची. कोण चुकलं ते कळायचं, का चुकलं ते नाही. मी शिट्टी वाजवली की ती अर्धी वाजायची आणि पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. एक उंच पोरगी होती, तिचा बाप सुताराचं काम करायचा. ती मला एकदा म्हणाली, "बाई, तुमी आमाला शिकिवताय का आमाला भ्यायलाय?" पोरी खो खो हसल्या. मीही हसले आणि त्या रात्री ठरवलं की राजीनामा द्यायचा.

शनिवारी तुमच्याकडे नगरला आले ते हेच सांगायला. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिस मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की उतारू खाली उतरून तिला ढकलायचे. धुरकटलेलं तोंड घेऊन मी मिशनच्या कंपाउंडातल्या तुमच्या खोलीत शिरले, सलाम केला आणि रडायला बसले. तुम्ही बाजरी निवडत होतात. माझं रडं संपेपर्यंत निवडत राहिलात. मग म्हणालात, "झालं? आता मला पोरी सांग. एकेक करून सांग. कोन कशी पळती, कोन कशाला भिती." मी म्हटलं, बाई, तुम्हीच या ना एकदा बघायला. तुम्ही गुडघे दाबले. "माझं मैदान सुटलं गं. गुडघं गेलं. आता शिवनाचा तास घेते नि गप बसते. तू येत जा. तुझ्या डोळ्यानं मी बघंन."

तेव्हापासून दर शनिवारी मी आले. चुलीजवळचा पाट माझा. गुळाचा चहा, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि जेवणाआधी तुमची ती एका दमातली प्रार्थना. मग तुम्ही म्हणायचात, "बोल, ह्या आठवड्याचं रडगानं काय?" आणि मी सांगायचे. खोटं कशाला बोलू, तुम्ही मला उभं केलंत. शिट्टी फुंकायच्या आधी दम भरून घे, मग फुंक, तोंडातल्या तोंडात फुंकू नकोस. चूक सांगायची तर पोरीला बाजूला घेऊन सांग आणि शाब्बास म्हणायचं तर सगळ्यांच्या देखत म्हण. पोरी हसल्या तर हसू दे, हसणारी पोर पळून जात नाही. मी परत जाऊन तसं करायचे आणि ते लागू पडायचं. दिवाळीपर्यंत माझी शिट्टी पार ओढ्यापलीकडे ऐकू जायला लागली. पोरी माझ्या आधी मैदानावर येऊन बसायच्या. आरशात मी स्वतःला जरा वेळ बघून घ्यायला लागले होते.

त्या बदल्यात मी तुम्हाला पोरी दिल्या. असं मोजून कुणी देत नाही, मीही दिलं नाही, पण दिल्या. उंच पोरगी खो मिळाला की उजवीकडेच वळते, डावा घोटा लहानपणी मुरगळलेला, त्याच्यावर तिचा भरवसाच नाही, हे मी तुम्हाला सांगितलं. आणि माझी ती काळी, बुटकी, पाथर्डीकडचीच, माझ्या गावाशेजारची. तिच्यासारखी हुलकावणी देणारी पोर मी आजवर पाहिली नाही. पण ती आधी बसून खेळ बघायची. समोरच्यांचे पाय, त्यांचे खांदे, कोण कशी उठते, सगळं बघून झालं की तिची भीती जायची आणि मग ती कुणाला सापडायची नाही. कोरीच आत पाठवली तर मात्र जागच्या जागी गोठायची. हे मला कळायला तीन महिने लागले होते. माझी मी शोधून काढलेली ती पहिली गोष्ट. ती तुम्हाला सांगताना मला कोण आनंद झाला होता. तुम्ही चुलीत काटकी सारत म्हणालात, "आता तू मास्तरीन झालीस." मी त्या वाक्यावर आठवडाभर जगले.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नाही. दसरा-दिवाळीपासून तुमच्या दाराशी तुमचे कॅनव्हासचे बूट असायचे, पांढरे करायला ओली शाडू लावून भिंतीला तिरके उभे करून वाळत घातलेले. दर शनिवारी ते ओलेच. गुडघे गेलेल्या बाईला शिवणाच्या तासाला शाडू लावलेले बूट कशाला लागतात, हे कोंबडी कुठे वळणार ते ओळखणाऱ्या पोरीच्या डोक्यात आलं नाही. चपला काढून मी त्यांच्या शेजारीच ठेवायचे.

जानेवारीत आम्ही पोरींना घेऊन नगरला गेलो. थंडी होती, पोरींनी परकरांवर बापांच्या बंड्या घातल्या होत्या. किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी कैदेत ठेवलेले, त्यामुळे त्या बाजूच्या रस्त्याला पोलीस. आम्हाला लांबून वळसा पडला आणि पोहोचायला उशीर झाला. आमचे हेडमास्तर मफलर गुंडाळून बाकावर बसले. समोर तुमच्या शाळेच्या पोरी उतरल्या आणि त्यांच्या मागून तुम्ही. पांढरं लुगडं, पांढरे बूट, काळ्या दोरीची शिट्टी. तुम्ही लंगडत नव्हतात. मला वाटलं, मला बघायला आल्या. खरंच असं वाटलं. मी हातसुद्धा वर केला. तुम्ही पोरींना गोल उभं करून काहीतरी सांगत होतात, मग त्यातली एक वळली आणि तिने बोटाने माझ्या उंच पोरीकडे दाखवलं.

पहिला पाठलाग आमचा होता. उंच पोरीला खो मिळाला की तुमच्या पोरी क्षणभरही न थांबता तिच्या डाव्या अंगाला जायच्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. ती उजवीकडे उठायची, दिशा धरली की खांबापर्यंत परतता येत नाही, आणि पुढचा खो देईपर्यंत तुमची पोरगी हसत लांब गेलेली असायची. हे नजरेने ओळखलेलं नव्हतं, शिकवलेलं होतं. पोरीला काही कळेना. ती दरवेळी उठताना माझ्याकडे बघत होती आणि मी बाजरी निवडणाऱ्या तुमच्या हातांचा विचार करत होते. आम्हाला तुमचे गडी फारसे बाद करता आले नाहीत.

मग आमची पळायची पाळी आली. पहिल्यांदा आत जाणाऱ्या तिघी कोण, ते मला ठरवायचं होतं. बुटकीला शेवटी ठेवायचं हे माझं पक्कं होतं. पण आम्ही मागे पडलो होतो आणि हेडमास्तर बाकावरून उठून उभे राहिले होते. आता हिलाच आधी पाठवून खेळ तारायचा का? ठरेना. आणि बाई, एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही, माझी मान आपोआप वर झाली आणि मी मैदानापलीकडे बघितलं. तुम्ही खांबापाशी उभ्या होतात. मी बुटकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुमच्याकडे बघितलं. तुमची हनुवटी दोनदा खाली गेली.

मी तिला पाठवलं. ती सगळ्यात आधी बाद झाली, गोठून, दोन पाट्यांच्या मधे उभ्या उभ्या. पुढचं सांगत नाही. सामन्यांची ढाल तुमच्या शाळेने नेली.

पोरींना बोर्डिंगात जेवायला बसवून मी तुमच्या खोलीवर आले. उजेड होता अजून. सलाम केला नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. तुम्ही तांदूळ धूत होतात. वळून न बघता म्हणालात, "बस."

"बाई, तुम्ही मला सांगितलं होतं मैदान सुटलं."

"सुटलं हुतं. दसऱ्यानंतर शाळेच्या मडमसाहेबांनी बोलिवलं. म्हनल्या, शिवनाला दुसरी बाई मिळती. खेळ घेनार असाल तर ऱ्हावा. काम न्हाई तर खोली न्हाई." तुम्ही पातेलं चुलीवर ठेवलंत. "ह्या वयात मी कुटं जाऊ, सांग."

"मग दसऱ्यानंतर मला येऊ का दिलंत? मी तुमच्या चुलीपाशी बसून सगळं..."

"मी तुला इचारलं न्हाई मग. तूच सांगत गेलीस."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दसऱ्यानंतर तुम्ही विचारत नव्हतात, नुसतं ‘बोल’ म्हणत होतात. मी म्हटलं, "आणि मान का हलवलीत? आज, मैदानावर."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तुझी पोरगी तुझ्याकडं बघत हुती. तू माझ्याकडं कशापायी बघत हुतीस?"

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते इथे खूश होतात. म्हणतात, बघा, कशी शिकवण दिली, गुरू असावा तर असा. मी त्यांना विचारते, शिकवण देणाऱ्या माणसाला ढाल घरी न्यावी लागते का? तुम्ही मला शिकवत नव्हतात. तुम्ही खोली राखत होतात, आणि त्यासाठी मला विकलंत. खोलीसाठी विकलंत हे मला कळतं. एकट्या बाईला खोली म्हणजे काय ते पुढे मलाही कळलं. तुम्ही तेवढंच बोलला असतात तर मी कदाचित तिथेच तुमच्या पायांशी बसले असते. पण तुम्ही वर शहाणपण शिकवलंत. केसाने गळा कापायचा आणि वर मान ताठ ठेवायला सांगायची. ते मला गिळता आलं नाही, अजून येत नाही. भात शिजायच्या आत मी निघाले. दाराशी तुमचे बूट होते, त्या दिवशी मातीने भरलेले.

हेडमास्तरांनी शब्द पाळला. सोमवारी ड्रिलच्या तासाला शिवणाच्या पेट्या आल्या. मी मंगळवारी शाळा भरायच्या आधी मैदानावर जाऊन उभी राहिले, कुणाला न विचारता. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. बुटकी आली. मी तिला म्हटलं, "तुला पहिल्यांदा पाठवायला नको होतं."

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "मला ठावं हुतं, बाई. तवाच ठावं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी म्हनलात म्हनून गेले."

बाई, तुमच्या खोलीत मी रडले नव्हते. तिथे, त्या पोरीसमोर, मला रडू आलं. तुमच्या एका मानेवर मी जशी जायचे, तशीच ती माझ्या एका हातावर गेली होती, हरणार हे माहीत असून. मी तिला विचारलं, "आता तूच सांग, तुला कधी जायचंय?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "सगळ्यांच्या मागनं. पर आधी मला त्यांच्या पायांपाशी बसून बघू द्या." त्या दिवसापासून मी पोरींना विचारायला लागले. उंच पोरीला विचारलं, घोट्याचं काय करायचं. ती म्हणाली, मला कडंच्या पाटीवर बसवा, डाव्या हाताला खांब यील अशी, उजवीकडं मी मनानं बी उठते. हे इतकं सोपं होतं आणि मी ते तीन महिने तुमच्या चुलीपाशी उगाळत बसले होते.

पुढच्या जानेवारीत आम्ही ढाल आणली. हेडमास्तरांनी ती आपल्या टेबलावर ठेवली आणि शिवणाच्या पेट्यांचं पुन्हा नाव काढलं नाही. पलीकडच्या खांबापाशी त्या वर्षी दुसरीच कुणी तरुण बाई उभी होती. मी चौकशी केली तेव्हा कळलं की मडमसाहेब बदलून गेल्या, नव्या आल्या, आणि खोली तुमच्याकडून काढून घेतली. म्हणजे तेही गेलं. तुम्ही भावाकडे राहायला गेलात आणि तिथेच एका उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं मला चर्चमध्ये प्रार्थनेच्या आधी सांगितलं, इतर कुणाकुणाच्या नावांबरोबर. मी उभी राहिले, बसले. मला आनंद झाला नाही आणि मी रडलेही नाही.

नंतर मी खूप वर्षं पोरी घडवल्या. लोक म्हणायचे, या बाईंचा आत्मविश्वास बघा, कधी कुणाला विचारत नाहीत. विचारायला कुणी उरलं नव्हतं, एवढंच. पण मैदानावर पहिल्या तिघी ठरवायच्या आधी माझी मान जरा वर व्हायची ती व्हायचीच, पार निवृत्त होईपर्यंत. समोर कुणाचे तरी मास्तर असायचे, तंबाखू मळत. मी मान खाली घेऊन पोरींकडे वळायचे.

त्या मुलीला मी उद्या निरोप पाठवणार आहे, परत ये म्हणून. चहा पुन्हा टाकेन. पोरींबद्दल मला काही सांगू नकोस असं तिला परत बजावेन, आणि ती सांगायला लागली तर कदाचित ऐकेनही. माझ्याकडे आता कुठलीच टीम नाही.

हा कागद मात्र कुठे जायचा नाही. तुमचा पत्ता असता तरी पाठवला नसता, बाई. आता वाचून पाहिला तेव्हा लक्षात आलं, मी पुन्हा तेच केलं आहे. मी कुठे बिचकते, कुठे अजून दुखतं, कोणत्या अंगाला मला वळता येत नाही, सगळं एकेक करून तुम्हाला सांगून बसले आहे. तुमच्या हाती हे पडू देणार नाही. पण खरं सांगायचं तर सांगताना बरं वाटलं, चुलीजवळच्या त्या पाटावर वाटायचं तसंच.